चाळीस ग्रॅम

३ नोव्हेंबर, बुधवार

पोलोनाची सायकल आज दुपारी दुकानात आली. तिचे वडील फ्लोर्यानकाका ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवतावर आडवी टाकून घेऊन आले, चेनची बाजू खाली. तशी कधी ठेवायची नसते.

"वसंतापर्यंत ठेव," ते म्हणाले. "मला ती डोळ्यांसमोर नको."

"नंतर ती चालवणार का?" द्रेजमिस्त्रींनी विचारलं. सायकलदुरुस्तीचं हे दुकान त्यांचं, मी त्यांच्या हाताखाली.

"डॉक्टर मार्चमध्ये सांगतील. नंतरचं नंतर."

माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. कारण मला माहीत आहे. २५ सप्टेंबरला, शनिवारी, या सायकलचे ब्रेकचे रबर मी बदलले. २८ला, मंगळवारी, पोलोना गिरणीच्या वळणावर उतारावर पडली. मांडीचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी आणि नऊ स्क्रू आहेत. सायकलला शेवटचा हात माझा लागला होता. हे मी कुणाशी बोललेलो नाही. लिहितो आहे तेही पहिल्यांदाच.

"काय रे लेनार्त, सायकल आहे की मयत?" मिस्त्री म्हणाले. "टोपी काढून उभा काय राहिलास!"

मला खरंच कळलं नव्हतं की टोपी माझ्या हातात आहे.

४ नोव्हेंबर, गुरुवार

सायकल मी घरी नेली. दुकानात ओल आहे. स्टीलची जुनी फ्रेम, डावीकडे रंग खरवडलेला, हँडलची डावी बाजू आत वळलेली. आधी सगळं मोजलं, मग हात लावला. सीटची उंची ७१.४ सेंटिमीटर. वजन आईच्या सॉसेज तोलायच्या ताणकाट्यावर ९ किलो ६२०.

ब्रेक तपासायला तीन तास लागले. पुढचे रबर सरळ. मागचे सरळ. वायरीचे स्क्रू घट्ट. मागच्या ब्रेकच्या फटीत लालसर माती आणि झाडाच्या सालीचे दोन तुकडे अडकले होते. माती पुसली. साल पाकिटात घालून वर तारीख लिहिली. मी सगळंच ठेवतो.

चूक सापडली नाही. पण चूक करणाऱ्याला ती सापडतेच असं नाही. तंत्रशाळेत तोंडी परीक्षेला सरांनी हेच म्हटलं होतं, आणि त्यानंतर दुसऱ्या वर्षीच मी शाळा सोडली.

७ नोव्हेंबर, रविवार

दुपारी फोन वाजला. पोलोना होती, उपचारकेंद्रातून.

"चेन धुतलीस?"

"धुतली. तेलही लावलं. जास्तीचं पुसून काढलं."

"चेन मागच्या कुठल्या चक्रीवर ठेवली आहेस?"

"सगळ्यात छोट्या. म्हणजे स्प्रिंगवर ताण राहत नाही."

"आणि टायरमध्ये हवा?"

"निम्मी."

ती म्हणाली, "बरं. पुढच्या रविवारी पुन्हा विचारीन."

तिचा माझ्या कामावर विश्वास उरलेला नाही. योग्यच आहे.

११ नोव्हेंबर, गुरुवार

संत मार्तिनचा सण, म्हणून दुकान अर्धा दिवस. सायकल तळघरात टांगली होती, पण तिथे आईचं सलगम आंबवायचं पिंप आहे. आंबट वाफेने लोखंड गंजतं. मी आईला पिंप हलवायला सांगितलं.

"तुझ्या आजीच्या काळापासून पिंप तिथे आहे," आई म्हणाली. "सायकल आठवड्यापासून. पाहुणा कोण?"

म्हणून सायकल माझ्या खोलीत आली. शेकोटीपासून लांब, खिडकीपासूनही लांब, म्हणजे पलंगाच्या अगदी शेजारी. आई दारात उभी राहून बघत होती.

"पाच वर्षं सांगते आहे, कुणाला तरी घरात आण म्हणून," ती म्हणाली. "आणलीस ती अशी."

संध्याकाळ व्हायच्या आधी गिरणीच्या वळणापर्यंत चालत गेलो. रस्त्यावर खडी आहे का, हे पाहायचं होतं. नव्हती. वळणावरच जंगलातली वाट रस्त्याला मिळते. तिथून फ्लोर्यानकाका लिस्काकडून ओंडके ओढून आणत होते. लिस्का त्यांची घोडी, ट्रॅक्टर चढत नाही तिथे तीच जाते. त्यांनी मला वळणावर वाकून रस्ता बघताना पाहिलं आणि घोडी तिथल्या तिथे वळवली. ओंडक्यासकट परत वर. मी हाक मारली, थांबले नाहीत.

म्हणजे तेही ब्रेकचाच विचार करत आहेत.

२८ नोव्हेंबर, रविवार

चाकं फिरवली. टांगलेल्या हुकावर टायर एकाच जागी दबू नये म्हणून दर पंधरा दिवसांनी फिरवतो. फोन आला. टायर कुठल्या बाजूला फिरवतोस, असं पोलोनाने विचारलं. टांगलेल्या चाकाला कुठलीही बाजू चालते, असं मी सांगितलं. ती हसली. मग बराच वेळ केंद्रातल्या बार्लीच्या सूपबद्दल बोलत होती. त्याचा सायकलशी काय संबंध ते कळलं नाही. एकोणीस मिनिटं.

१२ डिसेंबर, रविवार

पोलोना घरी आली आहे, एका कुबडीवर चालते. तिने एक अवघड गोष्ट मागितली. २६ला, संत स्तेफानच्या दिवशी, चर्चसमोर घोड्यांना आशीर्वाद देतात तेव्हा तिची सायकलही आणायची.

"ती घोडा नाही," मी म्हणालो.

"माझ्याकडे दुसरा घोडा नाही."

"रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल. बर्फ वितळायला टाकतात ते. एकदा चाक त्यातून गेलं की महिन्याभराची मेहनत गेली."

"मग उचलून आण. लेनार्त, घाबरतोस सगळ्याला, पण उचलायला तुला जड नाही जाणार."

२६ डिसेंबर, रविवार

दोन किलोमीटर खांद्यावर नेली. एकदाही टेकवली नाही. चर्चसमोर एकतीस घोडे होते, आयाळीत फिती, पाठीवर घोंगड्या, आणि मध्ये मी. लोकांनी सोडलं नाही.

"अरे, कुणी कुणावर बसायचं ते ठरवा आधी!"

"लेनार्त, नाल ठोकली का तिला?"

फादर माझ्यापाशी येऊन थबकले. मग त्यांनी सायकलवर पाणी शिंपडलं आणि उरलेलं माझ्यावर. मी रुमालाने लगेच फ्रेम पुसली.

"पवित्र पाणी पुसतोस?" ते म्हणाले.

"बेअरिंगमध्ये जातं, फादर."

पोलोना भिंतीला टेकून इतकी हसली की कुबडी पडली. ती मी उचलून दिली. खांद्यावरची सायकल न टेकवता.

घोड्यांनंतर मिठाला आशीर्वाद दिला. घरोघरचे लोक मूठ मूठ मीठ घेऊन जातात. फ्लोर्यानकाकांनी पावावर मीठ घालून लिस्काला चारलं आणि नेहमीचे शब्द म्हणाले, "वर्षभर पाय घसरू नये." त्यांचा आवाज बसलेला होता. सर्दी असेल.

मग सगळ्यांना त्यांच्याकडे जेवण. सायकल तबेल्यात कोरड्या पेंढ्यावर ठेवायला त्यांनीच सांगितलं. एवढं नोव्हेंबरपासून ते पहिल्यांदाच बोलले. जेवताना तासभर ते टेबलापाशी नव्हते. पोलोनाने मला पोतित्साचे, म्हणजे अक्रोड भरून गुंडाळलेल्या गोड पावाचे, चार तुकडे वाढले. नको म्हणायला जमलं नाही.

२७ डिसेंबर, सोमवार

सीटची उंची ७१.१. दोनदा मोजलं, मग दुसऱ्या टेपने मोजलं. ७१.१. मी ७१.४ लिहून ठेवलं आहे. खांद्यावर नेताना सीट खाली सरकेल हे शक्य नाही, बोल्ट घट्ट आहे. म्हणजे नोव्हेंबरमध्ये माझंच मोजमाप चुकलं. तीन मिलिमीटर मला चुकता येत असतील, तर ब्रेक बसवताना किती चुकलो असेन?

सीट ७१.४वर नेली. सीटखालचा दांडा फ्रेममधून वर येताना थोडा कुरकुरला. थंडीने असेल.

९ जानेवारी, रविवार

पुन्हा वजन केलं. ९ किलो ६६०. चाळीस ग्रॅम वाढले आहेत. सायकल जाड होत नाही. ताणकाट्याला साखरेचं एक किलोचं पाकीट लावून पाहिलं, बरोबर एक किलो. आईचं म्हणणं, आता पाहुणी घरचं खायला लागली.

पोलोनाला फोनवर सांगितलं नाही. तिने आज विचारलं, मी रविवारी दुपारी एरवी काय करतो. मी म्हणालो, फोनची वाट बघतो, कारण तू त्या वेळी करतेस. ती म्हणाली, "बरं." आणि मग काही विचारलंच नाही. काही चुकलं का?

१२ फेब्रुवारी, शनिवार

हिवाळा संपायच्या आधी सीटचा दांडा काढून नवं ग्रीस लावायचं असतं. बोल्ट सैल केला. दांडा हलत नाही. जरासुद्धा नाही. दांडा ॲल्युमिनियमचा, फ्रेम स्टीलची. मध्ये ग्रीस नसेल आणि ओल शिरली तर दोन्ही धातू एकमेकांना खातात आणि चिकटतात. पण ग्रीस मी स्वतः लावलं होतं. लावलं होतं ना? वहीत लिहिलेलं आहे, "५ नोव्हेंबर, दांड्याला ग्रीस." माझ्या अक्षरात.

कडेला पांढरी बुरशीसारखी रेघ आली आहे. आत झिरपेल असं पातळ तेल सोडलं आहे. जेवलो नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार

सायकल दुकानात नेली. मिस्त्री सुट्टी असून आले. सीट व्हाइसच्या शिकंज्यात पकडली आणि दोघांनी मिळून फ्रेमच फिरवली, नांगर फिरवावा तशी.

"हळू, हळू," मी म्हणत होतो.

"हळू तर शंभर वर्षं चिकटलेली राहील. फिरव!"

कर्रर आवाज झाला आणि दांडा सुटला. पांढरा, खडबडीत, ग्रीसचा थेंब नाही. फ्रेम उलटी केली तर आतून लाल टाके घातलेल्या फडक्याची पुरचुंडी पडली. सोडली. आत मीठ, ओलं झालेलं. मी ते जिभेला लावून पाहिलं, चूक नको म्हणून.

मीठ आणि फडकं मिळून चाळीस ग्रॅम.

मिस्त्रींनी फडकं पाहिलं आणि डोकं खाजवलं. "हे टाके फ्लोर्यानच्या बायकोचे. ती गेल्यापासून तो अशी फडकी कुणाला देत नाही."

मला सगळं कळलं. सायकल तासभर त्यांच्या तबेल्यात होती. सीट त्यांनीच काढली आणि खाली बसवली. माझं मोजमाप बरोबर होतं. मुलीने पुन्हा बसू नये म्हणून त्यांनी सायकल आतून सडवायला घेतली आहे. बाहेरून कुणाला दिसणार नाही अशी.

पोलोनाचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. आई म्हणाली, तीनदा आला.

१४ फेब्रुवारी, सोमवार

आज जे झालं ते बोललं गेलं तसंच लिहितो.

पुरचुंडी बशीत ठेवून तबेल्यात गेलो. सालीचं पाकीटही खिशात घेतलं, का ते नक्की सांगता येणार नाही. कदाचित माझ्यावर उलटले तर सगळे कागद बरोबर असावेत म्हणून. फ्लोर्यानकाका लिस्काचे खूर साफ करत होते.

"हे तुमचं?"

"माझंच. काढलंस कशाला?"

"मीठ आहे हे, काका! लोखंडात मीठ! दांडा चिकटला होता. अजून महिनाभर राहिलं असतं तर फ्रेम फेकून द्यावी लागली असती. तिने पुन्हा चालवू नये असं वाटतं तर तिला तोंडावर सांगा."

त्यांनी खूर खाली सोडला. मला वाटलं मारतात.

"गाढवा," ते म्हणाले. "स्तेफानचं मीठ आहे ते."

मी बशी धरून उभा.

"घोडीला दिलं, पाय घसरू नये म्हणून. तसं तिच्या त्या यंत्रालाही दिलं. घोडीचं तोंड दिसतं. त्याचं तोंड कुठे असतं मला काय ठाऊक? सीट उपटली, भोक दिसलं. म्हटलं, हेच असणार."

"दांड्यावरचं ग्रीस..."

"ते काळं चिकट? घाण होती. पुसून लख्ख केलं."

मी पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसलो. बोलायचं नव्हतं, पण बोललो. "मग तुम्ही माझ्याशी का बोलत नाही? ब्रेक मी बसवले म्हणूनच ना?"

"कसले ब्रेक?"

"तिच्या पडण्याआधी तीन दिवस. मी पुन्हा पुन्हा तपासले. मला फक्त हे सापडलं." आणि मी पाकीट दिलं.

त्यांनी वरची तारीख वाचली. साल हातावर घेतली, उलटी केली, वास घेतला. लिस्काने मान पुढे केली, तिला वाटलं पाव आहे. त्यांनी तिला ढकललं नाही, नुसते उभे राहिले.

"स्प्रूसची साल," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या दिवशी सकाळी मी चौदा ओंडके वळणावरून ओढले. पाऊस पडून गेला होता. साल आणि चिखल डांबरावर पसरला. ओढून झालं की रस्ता झाडायचा असतो. माझ्या बापाने मला तेच आधी शिकवलं, ओढायला नंतर. खराटा घरी राहिला होता. म्हटलं, जेवून येतो आणि झाडतो."

मी बशी पेंढ्यावर ठेवली.

"जेवत होतो तेव्हा लोक बोलवायला आले."

मी निघताना ते म्हणाले, "तिला मी सांगेन. तू नको."

घरी येताना मला हलकं वाटत होतं, आणि त्यांचं तोंड आठवून तसं वाटू नये असंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही लिहिलं. ब्रेक बरोबर होते.

२० फेब्रुवारी, रविवार

दांडा घासला, फ्रेम आतून धुतली, वाळवली, ग्रीस लावलं. ७१.४. पोलोनाला मिठाचं सांगितलं नाही, दांडा "थोडा अडकला होता" एवढंच. हे खोटं नाही, पण पुरं खरंही नाही. वडिलांचं ती काही बोलली नाही. त्यांनी अजून सांगितलेलं नाही असं दिसतं.

६ मार्च, रविवार

डॉक्टरांनी परवानगी दिली. सपाट रस्ता, थोडं अंतर, उतारावर हळू. संत योझेफच्या दिवशी, १९ला, ती निघणार. मी बरोबर यायचं आहे. कशासाठी, असं विचारलं तर म्हणाली, "काही सैल झालं तर?" काही सैल होणार नाही. पण जाईन.

मिठाचं काय करायचं हा प्रश्न होता. फेकता येत नाही. शेवटी ते वाळवून, त्याच फडक्यात बांधून आईच्या सुयांच्या प्लास्टिकच्या डबीत घातलं, झाकणाला दोन वेढे चिकटपट्टी, आणि सीटखालच्या पिशवीत ट्यूबशेजारी ठेवलं. तिथे ते लोखंडाला लागणार नाही. सामानाच्या यादीत शेवटची ओळ घातली: "मीठ. काढू नये."

१९ मार्च, शनिवार

सकाळी दहाला निघालो. सात अंश, ऊन, रस्त्यावरचं मीठ पावसाने धुतलेलं. ती पुढे, मी वीस मीटर मागे. सुरुवातीला उजवा पाय जास्त जोर लावत होता, दुसऱ्या किलोमीटरनंतर बरं. चेनचा आवाज नाही. मी फक्त आवाज ऐकत होतो.

गिरणीच्या वळणावर फ्लोर्यानकाका खराटा घेऊन रस्ता झाडत होते. रस्त्यावर काहीही नव्हतं. ओंडके तर महिन्याभरात ओढलेच नव्हते. पोलोनाने ब्रेक दाबले. दोन्ही वेळेवर लागले. एक पाय टेकवून ती उभी राहिली.

"बाबा, पुरे. डांबर निघेल."

"असू दे." ते झाडतच होते, खाली बघून. "पोलोना, त्या दिवशी मी इथे..."

"माहीत आहे."

खराटा थांबला. "याने सांगितलं?"

"नाही!" मी म्हणालो, जरा जोरातच.

"कुणी कशाला सांगायला हवं?" ती म्हणाली. "पडले तेव्हा तोंडात साल आली होती. थुंकली तरी चव गेली नाही. या वळणावर दुसऱ्या कुणाचे ओंडके येतात?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. ऑक्टोबर गेला, नाताळ गेला. म्हटलं, मार्चपर्यंत तरी सांगतील."

काका हातातल्या खराट्याकडे बघत म्हणाले, "खराटा घरी राहिला होता गं."

"आज आणलात ना." तिने हात पुढे करून त्यांच्या कोटावरचा कचरा झटकला. "व्हा बाजूला, मला पुढे जायचंय."

ते बाजूला झाले. ती सावकाश वळण घेऊन गेली. काका टोपी हातात धरून बघत राहिले, मी नोव्हेंबरमध्ये दुकानात उभा होतो तसेच. मी त्यांच्याजवळून जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सायकल हलली, पण पडलो नाही.

चर्चपाशी ती थांबली होती. मला एक शंका विचारायची होती, ती तिथे विचारली.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की ब्रेकची चूक नव्हती?"

"हो."

"मग दर रविवारी फोन करून माझं काम का तपासत होतीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, हेल्मेटचा पट्टा घट्ट केला आणि परतीच्या रस्त्याला लागली.

एकूण आठ किलोमीटर. परत आल्यावर तपासणी: सीट ७१.४. ब्रेक ठीक. डबी जागेवर. सायकल ती घरी घेऊन गेली, माझ्या खोलीत पलंगाशेजारी जागा रिकामी आहे. आईने तिथे खुर्ची ठेवली होती. मी ती काढली.

उद्या रविवार. आता सायकल तिच्याकडे आहे, म्हणजे तिला विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. फोन आला नाही तर मीच करीन. पण काहीतरी निमित्त लागेल. पाऊस झाल्यावर चेन पुसावी लागते, हे तिला माहीत आहे, तरी पुन्हा सांगितलेलं बरं. तेच विचारीन, पुसलीस का म्हणून. आज पाऊस झाला नाही, पण ते एक सोडलं तर प्रश्न बरोबर आहे.